चामखीळ: ओळखायची कशी, घालवायची कशी आणि कशाच्या नादी लागायचं नाही?

बोटावर, नखाच्या कडेला एक खरखरीत उंचवटा दिसतो. आधी वाटतं, काहीतरी टोचलं असेल. महिनाभरात तो ज्वारीच्या दाण्याएवढा होतो आणि मग शेजारी दुसरा येतो. घरात कुणी सांगतं चुना लाव, शेजारच्या काकू म्हणतात घोड्याच्या शेपटीचा केस बांध. मोबाईल उघडला की एखादं रील तीन रात्री लसूण बांधायला सांगतं.

गंमत म्हणजे यातल्या प्रत्येक उपायाने 'गुण आलेली' माणसं सापडतात. ती खोटंही बोलत नसतात. चामखीळ हा आजारच असा आहे की बऱ्याचदा तो आपला आपण बरा होतो आणि श्रेय शेवटी जे लावलं होतं त्याला मिळतं. पण याच उपायांनी कातडी भाजलेल्यांचे, डाग राहिलेल्यांचे व्हिडीओ सहसा कुणी बनवत नाही.

चामखीळ का येते, ती खरंच चामखीळ आहे हे कसं ओळखायचं, घरी काय करता येतं आणि डॉक्टरांकडे कधी जायला हवं, हे समजून घेऊया.

चामखीळ म्हणजे नेमकं काय?

'चामखीळ' हा शब्द संस्कृतमधल्या 'चर्मकील' या शब्दावरून आला. अर्थ सरळ आहे, कातडीतला खिळा. सुश्रुतसंहितेतही हा शब्द आढळतो. म्हणजे माणसाला हा त्रास नवा नाही.

चामखीळ विषाणूमुळे होते. या विषाणूचं नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. १९०७ साली ज्युसेप्पे चुफो या इटालियन डॉक्टरांनी चामखिळीचा अर्क अतिशय बारीक गाळणीतून गाळला. जिवाणू अडकतील इतकी ती गाळणी बारीक होती. तरीही त्या गाळलेल्या अर्काने त्वचेवर पुन्हा चामखीळ उगवली. जिवाणूपेक्षाही लहान काहीतरी यामागे आहे, हे त्यातून स्पष्ट झालं.

एचपीव्हीचे २०० हून अधिक प्रकार माहीत आहेत. हातापायांवर येणाऱ्या साध्या चामखिळी मुख्यतः प्रकार १, २, ४, २७ आणि ५७ यांच्यामुळे होतात. विषाणू त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात शिरतो आणि तिथल्या पेशींना भराभर वाढायला लावतो. त्यामुळे तेवढ्या जागी कातडी जाड आणि खडबडीत होते.

इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. चामखिळीला 'मूळ' नसतं. ती हाडापर्यंत जात नाही, त्वचेच्या वरच्या थरातच राहते. वरून घासल्यावर जे काळे ठिपके दिसतात ते मूळ किंवा बी नसून बारीक रक्तवाहिन्यांमध्ये गोठलेलं रक्त असतं. काढलेली चामखीळ परत येते याचं कारण आजूबाजूच्या कातडीत विषाणू शिल्लक राहिलेला असतो. म्हणून 'मुळापासून उपटून टाकतो' असं कुणी म्हणालं, तर तिथे जखमेशिवाय हाती काही लागत नाही.

कुठून येते? कशी पसरते?

विषाणू एका त्वचेवरून दुसऱ्या त्वचेवर जातो. त्यासाठी कातडीवर बारीक चीर, खरचटलेली जागा किंवा पाण्याने मऊ पडलेला भाग पुरेसा असतो. वापरलेला टॉवेल, वस्तरा, स्विमिंग पूलभोवतीची ओली फरशी, हॉस्टेलमधलं सामायिक न्हाणीघर, अशा ठिकाणांहूनही तो येऊ शकतो.

तो आल्याबरोबर चामखीळ दिसत नाही. साधारणपणे काही आठवडे ते काही महिने जातात, कधी वर्षभरही. त्यामुळे 'ही कुणामुळे आली' याचा शोध घेण्यात फारसा अर्थ नसतो.

एका जागेवरून दुसऱ्या जागी ती आपणच नेतो. नखं कुरतडणारी मुलं बोटांवरची चामखीळ ओठांपर्यंत नेतात. दाढी करताना वस्तरा चामखिळीवरून फिरला की एकाच्या दहा होतात. म्हणून सलूनमध्ये दर वेळी नवं ब्लेड मागणं हा फाजील चोखंदळपणा नाही.

'चामखिळीचं रक्त जिथे लागेल तिथे नवी चामखीळ येते' असं अनेक घरांत सांगितलं जातं. हा विषाणू रक्तातून फिरत नाही. पण चामखीळ खुडली, ओरबाडली की विषाणू असलेली कातडी नखांत अडकते आणि दुसरीकडे लागते. त्यामुळे कारण चुकीचं असलं तरी 'खुडू नकोस' हा सल्ला बरोबरच आहे.

लहान मुलांमध्ये चामखिळी खूप दिसतात. नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेतल्या सुमारे ११०० मुलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश मुलांच्या हातापायांवर चामखिळी सापडल्या. म्हणजे आपल्या मुलाला चामखीळ आली, तर त्यात अस्वच्छतेचा किंवा लाजेचा प्रश्न नाही. मांस आणि मासे कापण्याचं काम करणाऱ्यांच्या हातांवरही त्या जास्त आढळतात. मात्र त्या जनावरांकडून येत नाहीत, हा विषाणू माणसाचाच आहे. सतत ओले आणि कापले जाणारे हात त्याला वाट करून देतात.

चामखिळींचे मुख्य प्रकार

*साधी चामखीळ:* हाताची बोटं, नखांची कड, गुडघे. रंग कातडीसारखा किंवा राखाडी, वरचा भाग फुलकोबीसारखा खडबडीत.

*तळपायाची चामखीळ:* शरीराच्या वजनामुळे ही आत दाबली जाते, त्यामुळे सपाट दिसते. चालताना खडा टोचल्यासारखं दुखतं. अनेक लहान चामखिळी एकत्र येऊन चकती बनली, तर ती अधिक चिवट असते.

*सपाट चामखीळ:* चेहरा, कपाळ, हातांची मागची बाजू. टाचणीच्या डोक्याएवढ्या, गुळगुळीत, किंचित उंच. दाढीमुळे किंवा खाजवल्यामुळे एका रेषेत पसरलेल्या दिसतात.

*धाग्यासारखी चामखीळ:* पापण्या, ओठ, नाक, मान. बारीक देठावर काटे आल्यासारखी दिसते.

*जननेंद्रियांवरची चामखीळ:* ही एचपीव्हीच्या वेगळ्या प्रकारांमुळे, मुख्यतः ६ आणि ११ मुळे होते आणि लैंगिक संबंधांतून पसरते. हिच्यावर घरी कोणताही उपाय करायचा नाही. त्वचारोगतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचं. संकोच वाटत असेल तर सरकारी रुग्णालयांमधल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये अशा तक्रारींसाठी गुप्तता राखून तपासणी आणि समुपदेशन होतं. लहान मुलांच्या बाबतीत तर अजिबात उशीर करू नये.

ती चामखीळच आहे ना?

उपचार शोधण्याआधी विचारायचा प्रश्न हा आहे. मराठीत आपण कातडीवर उगवलेल्या बऱ्याच गोष्टींना सरसकट चामखीळ किंवा मस म्हणतो. पण त्या वेगवेगळ्या असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

*मानेवरचे, काखेतले लोंबते मस:* मऊ, बारीक देठाचे, कातडीच्या रंगाचे किंवा थोडे काळसर. यांना डॉक्टर 'स्किन टॅग' म्हणतात. हे विषाणूमुळे होत नाहीत आणि दुसऱ्याला लागत नाहीत. वजन जास्त असणाऱ्यांत आणि मधुमेहींमध्ये ते अधिक दिसतात. मान काळवंडून असे मस वाढत असतील, तर रक्तातली साखर तपासून घेणं अधिक उपयोगाचं. चामखिळीचं ॲसिड यांच्यावर लावलं तर नुसतीच कातडी भाजते.

*कुरूप:* चपला-बुटांच्या घर्षणाने तळपायावर किंवा बोटांवर होणारी घट्ट गाठ. कुरूपावरून त्वचेच्या रेषा सरळ पुढे जातात, चामखिळीपाशी त्या तुटतात आणि तिला वळसा घालतात. दुसरी खूण दुखण्याची. कुरूप वरून थेट दाबल्यावर जास्त दुखतं, तर चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर. वरचा थर घासल्यावर काळे ठिपके दिसले तर चामखिळीची शक्यता अधिक.

*मोलस्कम:* लहान मुलांच्या अंगावर मोत्यासारखे चमकदार, मध्यभागी खळगा असलेले दाणे. हाही विषाणूच, पण वेगळा. तोही बहुतेक वेळा काही महिन्यांनी आपोआप जातो.

*चेहऱ्यावरचे काळे ठिपके:* वय वाढतं तसे गालांवर, डोळ्यांभोवती बारीक काळे उंचवटे येतात. एकाच घरातल्या अनेकांना ते असतात. ते निरुपद्रवी असतात आणि विषाणूमुळे होत नाहीत.

*तीळ:* जन्मापासून किंवा लहानपणापासून असलेला, सपाट किंवा गुळगुळीत उंच. तिळावर कधीही ॲसिड, चुना किंवा ऑनलाइन मिळणारं 'रिमूव्हर' लावू नये.

या शेवटच्या मुद्द्यामागे गंभीर कारण आहे. त्वचेचा मेलानोमा हा कर्करोग गोऱ्या लोकांमध्ये बहुधा उन्हाशी जोडला जातो. सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या लोकांमध्ये मात्र तो तळपाय, तळहात आणि नखाखाली तुलनेने अधिक सापडतो, म्हणजे नेमका तिथे जिथे आपण त्याला कुरूप, चामखीळ किंवा मार लागल्याची खूण समजतो. जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्यावरची जखम आधी फुटबॉल खेळताना झालेली दुखापत वाटली होती. १९७७ साली तो मेलानोमा असल्याचं निदान झालं आणि १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. असे रुग्ण थोडे असतात. पण तळपायावरचा काळा, वाढणारा डाग महिनोन् महिने घासत बसण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवणं शहाणपणाचं.

आपोआप जाते, मग उपचार कशाला?

चामखीळ जाते ती शरीराच्या प्रतिकारशक्तीमुळे. विषाणू त्वचेच्या अगदी वरच्या थरात लपलेला असल्याने प्रतिकारशक्तीला त्याचा पत्ता लागायला वेळ लागतो. एकदा तो लागला की अनेकदा सगळ्याच चामखिळी थोड्या दिवसांत विरून जातात आणि मागे डागही राहत नाही. नेदरलँड्समधल्या त्याच पाहणीत जवळपास निम्म्या मुलांच्या चामखिळी वर्षभरात गेल्या. मोठ्यांमध्ये हा काळ लांबतो.

म्हणून लहान मुलाच्या हातावर एखादी न दुखणारी चामखीळ असेल, तर काहीही न करता वाट पाहणं हाही वैद्यकीयदृष्ट्या योग्य पर्याय आहे.

मात्र चामखीळ दुखत असेल, पसरत असेल, चेहऱ्यावर असेल, कामात अडथळा आणत असेल किंवा तिच्यामुळे मूल शाळेत हात लपवत असेल, तर उपचार घ्यावेत. बहुतेक उपचारांचं काम दुहेरी असतं. ते विषाणू असलेली कातडी काढतात आणि तिथे दाह निर्माण करून प्रतिकारशक्तीचं लक्ष वेधतात. विषाणूला थेट मारणारी गोळी आज उपलब्ध नाही.

चुना, बिब्बा, रुईचा चीक: काय होतं?

*चुना, चुना-सोडा:* चुना हा अल्कली आहे. अल्कलीची भाजणूक वरून लहान दिसते, पण आत खोल जाते आणि वेदना उशिरा जाणवते. चामखिळीबरोबर भोवतालची चांगली कातडीही जाते.

*बिब्बा:* परीट पूर्वी कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करायला बिब्बा वापरत, इतकं त्याचं तेल तीव्र. त्वचेवर लागलं की फोड येतात, कधी सूज दूरवर पसरते आणि काळे डाग वर्षानुवर्षं राहतात. आयुर्वेदातही बिब्बा शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत.

*रुईचा चीक:* कातडीला दाह होतोच, पण मोठा धोका डोळ्यांना. हाताला लागलेला चीक चुकून डोळ्यात गेला तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुजतो आणि दिसणं धूसर होतं.

*केस किंवा दोरा बांधणे:* देठ असलेला मस रक्तपुरवठा तुटल्याने गळून पडू शकतो, म्हणून हा उपाय टिकून आहे. पण जागा पिकणं, रक्तस्राव आणि धनुर्वाताचा धोका असतो. हातापायांवरच्या रुंद बुडाच्या चामखिळीला तर केस बांधताच येत नाही.

*लसूण, ॲपल सायडर व्हिनेगर:* रात्रभर बांधून ठेवल्याने कातडी भाजल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. लहान मुलांच्या नाजूक त्वचेवर हे प्रयोग टाळावेत.

*होमिओपॅथीचं 'थुजा':* महाराष्ट्रात हा सर्वांत लोकप्रिय सल्ल्यांपैकी एक. कॅनडात १९९२ साली तळपायाच्या चामखिळींवर नियंत्रित चाचणी झाली. एका गटाला थुजासह होमिओपॅथीची औषधं दिली, दुसऱ्या गटाला औषध नसलेल्या गोळ्या. दोन्ही गटांच्या निकालात लक्षणीय फरक दिसला नाही.

*डक्ट टेप:* चिकटपट्टीने चामखीळ झाकून ठेवण्याचा उपाय २००२ मधल्या एका अमेरिकन अभ्यासानंतर जगभर गाजला. नंतरच्या अभ्यासांत तेवढा फायदा दिसला नाही.

*ऑनलाइन 'रिमूव्हर' आणि पेन:* तीळ आणि मस 'सात दिवसांत' घालवणाऱ्या थेंबांची जाहिरात सगळीकडे दिसते. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०२२ मध्ये अशा उत्पादनांबद्दल इशारा दिला. तीळ किंवा स्किन टॅग घरच्या घरी काढण्यासाठी त्यांनी एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. या थेंबांनी कातडी भाजते, डाग पडतात आणि तो तीळ कर्करोगाचा असेल तर निदानच लांबतं.

*मेडिकलमधली 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब:* खाज, गजकर्ण यासाठी मिळणाऱ्या अनेक मिश्र मलमांत तीव्र स्टिरॉइड असतं. स्टिरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबतं. चामखिळीवर लावलं तर ती बरी होण्याऐवजी पसरू शकते.

घरी सुरक्षितपणे काय करता येईल?

हातापायांवरची चामखीळ नक्की ओळखता आली असेल, तर सॅलिसिलिक ॲसिड हा पहिला पर्याय आहे. ते जाड झालेली कातडी थर-थर करून सोडवतं. मेडिकल स्टोअरमध्ये सुमारे १७ टक्के तीव्रतेचा, अनेकदा लॅक्टिक ॲसिडसोबतचा, नेलपॉलिशसारखा वाळणारा द्रव मिळतो. डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारूनच घ्यावा.

वापरण्याची पद्धत अशी:

१. चामखीळ ५ ते १० मिनिटं कोमट पाण्यात भिजवा आणि पुसून घ्या.

२. वर आलेला पांढरा, मऊ थर वज्रीने किंवा नखाच्या कानशीने हलक्या हाताने घासा. रक्त येईपर्यंत घासू नका. ही वज्री फक्त चामखिळीसाठी ठेवा, घरात दुसऱ्या कुणी वापरू नये.

३. भोवतालच्या चांगल्या कातडीवर पेट्रोलियम जेली लावा.

४. फक्त चामखिळीवर औषधाचा थेंब लावा आणि वाळू द्या. तळपायावर वरून चिकटपट्टी लावली तर औषध चांगलं मुरतं.

५. हे रोज एकदा करा. जागा लाल होऊन दुखायला लागली तर दोन-तीन दिवस थांबा.

लोक इथेच कंटाळतात. दोन आठवड्यांत फरक दिसला नाही की बाटली कपाटात जाते. या औषधाला १२ आठवड्यांपर्यंत वेळ द्यावा लागतो. त्वचेच्या रेषा पुन्हा सलग दिसू लागल्या की चामखीळ गेली असं समजायचं.

*कुणी आणि कुठे वापरू नये?* चेहऱ्यावर, जननेंद्रियांवर, तिळावर, चिरलेल्या किंवा पिकलेल्या जागी नाही. मधुमेह असेल, पायांचा रक्तपुरवठा कमी असेल किंवा पायांना बधिरपणा असेल, तर घरी काहीच लावायचं नाही. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते, भाजलेलं कळत नाही आणि लहानशी जखम चिघळून बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. कुरूपासाठी मिळणाऱ्या 'कॉर्न कॅप'मध्येही बहुधा तीव्र सॅलिसिलिक ॲसिड असतं, हे अशा रुग्णांच्या घरच्यांनी लक्षात ठेवावं. गरोदरपणात आणि लहान मुलांसाठी आधी डॉक्टरांना विचारावं.

डॉक्टर काय करतात?

*क्रायोथेरपी:* उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनने चामखीळ गोठवतात. काही सेकंद झोंबतं, नंतर फोड येऊ शकतो. दर दोन-तीन आठवड्यांनी काही वेळा हे करावं लागतं. सावळ्या त्वचेवर काही काळ पांढरट किंवा काळपट डाग राहू शकतो.

*कॉटरी आणि लेझर:* जागा बधिर करून चामखीळ जाळतात किंवा खरवडतात. एकाच वेळी काम होतं, पण व्रण राहू शकतो आणि ती परत येणार नाही याची हमी नसते.

*प्रतिकारशक्ती जागवणारी इंजेक्शनं:* खूप चामखिळी असतील किंवा जात नसतील तर भारतातले अनेक त्वचारोगतज्ज्ञ हा मार्ग वापरतात. गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एमएमआर लस किंवा ड जीवनसत्त्व सर्वांत मोठ्या चामखिळीत टोचलं जातं. ही औषधं मुळात यासाठी बनलेली नाहीत, पण त्या जागी प्रतिकारशक्ती सक्रिय झाली की दूरच्या, न टोचलेल्या चामखिळीही जाऊ शकतात.

यातला कोणताच उपचार शंभर टक्के नाही. नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २५० रुग्णांचे तीन गट केले. १३ आठवड्यांनंतर साध्या चामखिळी क्रायोथेरपीने ४९ टक्के, सॅलिसिलिक ॲसिडने १५ टक्के आणि काहीच न करणाऱ्यांपैकी ८ टक्के रुग्णांच्या गेल्या. तळपायावर मात्र हे प्रमाण अनुक्रमे ३०, ३३ आणि २३ टक्के होतं, म्हणजे तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता. ब्रिटनमध्ये २०११ साली तळपायाच्या चामखिळींवर २४० जणांचा अभ्यास झाला. त्यात क्रायोथेरपी आणि तीव्र सॅलिसिलिक ॲसिड या दोन्हींनी १२ आठवड्यांत फक्त १४ टक्के रुग्ण बरे झाले.

याचा व्यवहारात अर्थ असा: हातावरची चामखीळ लवकर घालवायची असेल तर क्रायोथेरपीचा विचार करावा. तळपायावर महागड्या उपचाराची घाई करण्यापेक्षा चिकाटी जास्त कामाची. आणि 'एका बैठकीत कायमची मुक्ती' सांगणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये.

खर्च परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो. पुण्याचं ससून, मुंबईतलं जेजे ही त्यांतली ओळखीची नावं. महापालिकेच्या केईएम आणि नायरमध्येही हा विभाग आहे.

एचपीव्ही म्हणजे कॅन्सरचाच विषाणू ना?

डॉक्टरांनी 'एचपीव्ही' म्हटलं की अनेक जण मोबाईलवर शोधतात आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची माहिती वाचून घाबरतात. हा कर्करोग एचपीव्हीमुळे होतो हे खरं आहे. त्या शोधासाठी जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. पण त्या कर्करोगाला प्रामुख्याने जबाबदार असलेले १६ आणि १८ हे प्रकार वेगळे. हातापायांवरची चामखीळ करणाऱ्या प्रकारांमुळे हा कर्करोग होत नाही.

मग एचपीव्हीची लस घेतल्यावर हातावरची चामखीळ जाते का? लस त्या हेतूने बनवलेली नाही. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची 'सर्वाव्हॅक' ही लस ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांविरुद्ध आहे. हातावरच्या चामखिळीचे प्रकार त्यात नाहीत. मात्र गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचावासाठी मुलींना ही लस देणं महत्त्वाचं आहे. तो निर्णय चामखिळीशी जोडू नये.

हातापायांना झाडाच्या सालीसारखी वाढ आलेल्या 'ट्री मॅन'चे व्हिडीओही चामखीळ म्हणून फिरतात. तो अतिशय दुर्मीळ आजार आहे. साध्या चामखिळीवर उपचार केले नाहीत म्हणून तसं होत नाही.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं?

- उंचवटा झपाट्याने वाढतोय, आपोआप रक्त येतंय किंवा जखम भरत नाही.
- रंग काळा, तपकिरी किंवा एकाच जागी अनेक रंगांचा आहे, कडा वेड्यावाकड्या आहेत.
- नखाखाली नवी काळी रेघ आली आहे आणि ती रुंद होतेय.
- पन्नाशीनंतर पहिल्यांदाच, विशेषतः नखाजवळ, एकच न जाणारी 'चामखीळ' आली आहे. त्वचेचा एक कर्करोग असाच दिसू शकतो.
- अचानक खूप चामखिळी आल्या आहेत. प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार किंवा औषध यामागे असू शकतं.
- मधुमेह आहे आणि चामखीळ पायावर आहे.
- ती चेहऱ्यावर, पापणीवर किंवा जननेंद्रियांवर आहे.
- १२ आठवडे नियमित उपचार करूनही फरक नाही.

पसरू नये म्हणून

चामखीळ खुडू नका, नखं कुरतडू नका. हात लावल्यावर साबणाने धुवा. टॉवेल, वस्तरा, नेलकटर, मोजे वेगळे ठेवा. सामायिक न्हाणीघरात आणि पूलभोवती चप्पल वापरा, पाय कोरडे ठेवा. चेहऱ्यावर चामखिळी असतील तर त्या बऱ्या होईपर्यंत वस्तऱ्याऐवजी ट्रिमर बरा. पोहायला जाताना चामखिळीवर पाण्यात न निघणारी पट्टी लावली की पुरे. मुलाला शाळेतून घरी ठेवण्याची किंवा खेळायला जाऊ न देण्याची गरज नाही.

पुढच्या वेळी घरच्या ग्रुपवर चामखिळीचा 'रामबाण' उपाय आला, तर फॉरवर्ड करण्याआधी दोन गोष्टी विचारा. ही नक्की चामखीळ आहे का? आणि काहीच लावलं नसतं तर ती गेली नसती का? चामखीळ थांबू शकते. भाजलेली कातडी किंवा उशिरा कळलेला आजार मात्र मागे घेता येत नाही.

*(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. उपचार सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्या.)*